सरकीच्या गोदामातला निवाडा

हे प्रकरण मी आजवर टाळत आलो. या आठवणी लिहायला घेतल्यापासून तीनदा इथवर येऊन थांबलो आणि तिन्ही वेळा उडी मारून मुंबईच्या क्लबातल्या दिवसांवर गेलो. ते लिहायला सोपं, कारण तिथे मी जिंकतो. मुलाखतींत, सत्कारांत, जेवणाच्या ताटावर नातवंडांपुढे मी ही हकिकत शेकडो वेळा सांगितली आहे, पण जी सांगितली ती ही नव्हे. ती ऐकलेले बरेच लोक अजून हयात आहेत. त्यांनी हे वाचावं आणि माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू द्यावं. माझं वय आता असं आहे की कुणी तोंड फिरवलं तरी मला नीट दिसत नाही.

कारंजाला आमचं घर म्हणजे जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या क्वार्टरांपैकी शेवटून दुसरं. बाबा तिथे फिटर होते. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसातून सरकी काढणारे जिन चालायचे आणि त्यांच्या धडधडीत आमचं सगळं बोलणं ओरडून व्हायचं. हंगाम संपून जिन बंद पडले तरी माय पुढचे आठ दिवस ओरडूनच बोलायची. चुलीपाशी बसलेल्या मला "भाकर घे!" म्हणायची ते रस्त्यावर ऐकू जायचं. कापसाची बारीक लव सगळीकडे असे: अंथरुणात, कानात, दुधाच्या सायीवर. माय भाकरी तव्यावरून काढली की फुंकर मारून मगच टोपल्यात टाकायची, आणि तरीही आंबाडीच्या भाजीतून एखादा पांढरा धागा दातात यायचाच. बाबांच्या कपड्यांना वंगणाचा वास आणि घराला सरकीच्या तेलाचा. अजूनही कुठे सरकीची ढेप गुरांपुढे टाकलेली दिसली की मला आधी भूक लागते, आणि मग पाय शिवशिवतात.

पाय शिवशिवतात याला कारण ते गोदाम. फॅक्टरी पूर्वी इंग्रजांच्या एका कंपनीची होती. त्यांच्या मॅनेजरने करमणुकीसाठी आवारात स्क्वॉशचं कोर्ट बांधून घेतलं होतं: चार उंच चुनेगच्ची भिंती, वर पत्रे, आणि मागच्या भिंतीवर बसून खेळ बघायला गॅलरी. साहेब गेले, फॅक्टरी शेठने घेतली, आणि शेठने त्या कोर्टात सरकी भरायला सुरुवात केली. हंगामात पार छतापर्यंत सरकी असायची. होळीनंतर ती तेलाच्या घाणीवर गेली की कोर्ट मोकळं. म्हणजे आम्हाला खेळायला मिळायचं ते फक्त उन्हाळ्यात, वऱ्हाडच्या उन्हात, पत्र्याखाली. फरशी राखेने कितीही घासली तरी तेलाने निसरडी. रबरी बॉल त्या भट्टीत असा उसळायचा की त्याच्यामागे धावणारा माणूस वेडा वाटावा. पुढे मुंबईत लोक म्हणायचे, याचे पाय कुठून आले? ते मी सरकीवर घसरून मिळवलेले होते.

कोर्टाची किल्ली मुनीरचाचांकडे. चाचा लहानपणी साहेबांचे बॉल वेचायचे, मग खेळ शिकले, मग मार्कर झाले. मार्कर म्हणजे गॅलरीत उभं राहून गुण मोजणारा आणि बॉल चांगला की वाईट ते सांगणारा माणूस. त्यांचं इंग्रजी एवढंच: हँड आउट, डाऊन, नॉट अप, गेम. साहेब गेल्यावर ते फॅक्टरीचे चौकीदार झाले, पण किल्ली सोडली नाही. दुपारी बाबा आणि चाचा बॉयलरच्या सावलीत एकमेकांच्या डब्यातलं खायचे. बाबांना नसीमच्या आईच्या हातचा मसाला आवडायचा, चाचांना मायच्या हातचं पिठलं. नसीम म्हणजे चाचांची एकुलती मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तुटलेल्या रॅकेटींत चाचा मासे पकडायच्या जाळ्याचा नायलॉनचा दोर ओवायचे, आणि फुटलेला बॉल सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवायचे. मला त्यांनी अकराव्या वर्षी आत घेतलं.

"पाह्य, दिग्या," पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बॉल भिताडावून आला का एक टप्पा खाऊ द्यायचा. दुसरा टप्पा पडला का मेला. मेलेला बॉल मारायचा नाही."

"अन् मारला तं?"

"तं हात वर करायचा अन् सांगायचं, मेला व्हता."

"चाचा, कोनाले दिसलंच नाही तं कायले सांगायचं?"

चाचांनी माझ्या डोक्यात टपली मारली. "मी वर कायले उभा राहून राह्यलो मंग? कबुतरं मोजाले? अन् मले नाही दिसलं तरी तुह्या हाताले समजतेच. साहेब लोक मले शिव्या द्याचे, पन हात वर कराचे."

समजतेच, हे खरं होतं. जिवंत बॉल रॅकेटला दणका देतो. दोन टप्पे पडलेला बॉल, अगदी निमिषभरानेही उशिरा उचललेला, पिसासारखा लागतो. पुढे पंचवीस वर्षं मी या खेळावर पोट भरलं आणि या बाबतीत हाताने मला एकदाही फसवलं नाही.

सात उन्हाळे मी तिथे खेळलो. आठव्या उन्हाळ्यात शेठचा भाचा किशोर मुंबईहून सुट्टीला आला. तो तिथल्या क्लबात शिकलेला, पांढरी स्वच्छ चड्डी, दोन नव्या रॅकेटी. त्याच्याबरोबर त्या क्लबाचे सेक्रेटरी पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मला एकट्याला भिंतीशी खेळताना पाहिलं आणि गमतीत म्हणाले, या पोराने किशोरला हरवलं तर मी याला क्लबात कामाला घेतो, शिकवतो. शेठ हसले, आणि रविवारी सकाळी मॅच ठरली. त्या गमतीवर मी तीन दिवस जेवलो नाही. फॅक्टरीच्या पलीकडे जग आहे हे मला तोवर कुणी इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं. हरलो तर वंगणाचा डबा, जिंकलो तर मुंबई.

गॅलरीत शेठ, सेक्रेटरी आणि शेठच्या पेढीवरची चार माणसं. बाबांना वर बसायला कुणी सांगितलं नाही. ते बाहेरच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून मान लांब करून बघत होते. मध्ये चाचा, इस्त्रीचा कुर्ता घालून, खडूने पांढरे केलेले साहेबांच्या वेळचे कॅनव्हासचे बूट घालून. मॅच पाच गेमपर्यंत गेली. शेवटच्या गेममध्ये किशोर आठ, मी सात, आणि सर्व्हिस त्याची. त्या काळी ज्याच्या हातात सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा आणि नऊ गुणांवर गेम. इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण मी ती पुढे नेहमी खोटी सांगितली. तो बॉल मी जिंकलो असतो तर मॅच जिंकलो नसतो. मला फक्त सर्व्हिस मिळाली असती.

किशोरने समोरच्या भिंतीपाशी बॉल अलगद टाकला. मी मागच्या कोपऱ्यातून धावलो, तेलावर घसरत गेलो आणि रॅकेट बॉलखाली सारली. बॉल किशोरच्या डोक्यावरून मागच्या कोपऱ्यात जाऊन पडला आणि तिथेच राहिला. गॅलरीतून कुणीतरी वाहवा म्हणालं. किशोरनेही रॅकेट खाली केली आणि बॉल माझ्याकडे ढकलला.

हाताला पिसासारखं लागलं होतं.

मी वर पाहिलं. चाचा माझ्याकडे बघत होते. ते लगेच काही बोलले नाहीत. एक श्वास, दोन श्वास. ते माझ्या हाताची वाट बघत होते. मी हात वर केला नाही.

"नॉट अप," चाचा म्हणाले. "नाइन-सेव्हन. गेम किशोरबाबू."

"चाचा!" मी ओरडलो. "डोये हायत का बटनं? चांगला व्हता बॉल!"

"दोन टप्पे, बेटा."

"शेठचं मीठ बोलून राह्यलं तुमचं!"

मग शेठ मोठ्याने हसले, आणि किशोरने जाता जाता आपला घामाचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, घोड्याच्या पाठीवर टाकावा तसा. मला ते दोघं एवढे लागले नाहीत. लागले ते चाचा. त्या क्षणी त्या माणसाजवळ मला द्यायला एकच गोष्ट होती, त्यांचं गप्प राहणं. शेठला फरक पडला नसता, किशोरने मान्य केलं होतं, आभाळ कोसळलं नसतं. सात उन्हाळे ज्याने मला मुलासारखं वागवलं त्याने दोन टप्प्यांसाठी मला सोडलं. हे लिहितानासुद्धा माझ्या जबड्यात कळ येते. माणसाने चूक कबूल करायला बसावं आणि राग मात्र जागचा हलू नये, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

घरी मायने कण्या आणि ताक वाढलं. बाबांनी ताकात कण्या कालवल्या. मग म्हणाले, "खरं सांग. बॉल चांगला व्हता?"

"हाव, बाबा."

"माह्या गळ्याची आन घे."

"तुमच्या गळ्याची आन. चांगला व्हता."

बाबा उठले, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबा बॉयलरच्या सावलीत नेणं बंद केलं. ते मरेपर्यंत चाचांशी बोलले नाहीत. चाचा दोनदा आमच्या दारापर्यंत आले होते. दोन्ही वेळा बाबांनी आतून कडी लावली आणि माय चुलीतला जाळ सारत राहिली.

दीड वर्षाने मी रुईच्या गाठींच्या ट्रकवर बसून मुंबईला गेलो, त्या सेक्रेटरींच्या पाया पडलो, आणि बॉल वेचण्यापासून सुरुवात केली. ते सगळं पुढे लिहिलं आहे, ते खरं आहे. जे लिहिलेलं नाही ते एवढंच की मी दर सकाळी समोरच्या भिंतीवर चाचांचा चेहरा ठेवायचो आणि त्यावर फटके मारायचो. नाकावर शंभर, मग डाव्या डोळ्यावर शंभर. माझा फटका इतका अचूक कसा, याचं खरं उत्तर हे आहे. व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा पहिल्यांदा जिंकलो तेव्हा ढाल हातात घेताना मला आनंद झाला नाही. मनात आलं, आता बघा म्हणावं म्हाताऱ्याला.

किशोरचा हिशेब आधी चुकता केला. तो क्लबाचा सभासद होता आणि मी नोकर. क्लबातल्या पगारी खेळाडूने सभासदाशी खेळताना त्याला चार-पाच गुण द्यायचे, घाम आला की थोडं दमल्यासारखं करायचं, असा न लिहिलेला रिवाज असतो. शनिवारी संध्याकाळी, गॅलरी भरलेली असताना, मी त्याला एकही गुण दिला नाही. त्याला पुढे ओढला, मागे पळवला, परत पुढे. तिसऱ्या गेममध्ये तो भिंतीला हात टेकून उभा राहिला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "साहेब, टॉवेल आणू?" ती चव अजून जिभेवर आहे आणि त्याबद्दल मला कसलाही पश्चात्ताप नाही.

पण तो माणूस धापा टाकत हसला. म्हणाला, "तुझे ते म्हातारे मार्कर कसे आहेत रे? तो शेवटचा बॉल मला चांगला वाटला होता. त्यांनी बरोबर पकडला. तसा मार्कर मुंबईत नाही." झालं. माझा सूड त्याने चाचांच्या झोळीत टाकला. त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता कारंजाला जायचं.

योग आलाच. दुसऱ्यांदा स्पर्धा जिंकल्यावर गावाने सत्कार ठेवला. शाळेचं मैदान, मांडव, लाऊडस्पीकर. चाचा तोवर नोकरीतून सुटले होते आणि आमच्या सगळ्या भागात कबड्डीचे पंच म्हणून त्यांचं नाव होतं. मालेगाव असो की मंगरूळपीर, दोन गावांचं कोणत्याच पंचावर एकमत झालं नाही की मुनीर पंचांना एसटीने बोलवून घ्यायचे. त्यांनी शिट्टी वाजवली की हरणारेही मुकाट बसायचे. एवढीच त्यांची कमाई. मला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी जे बोललो ते बोललो.

चाचा तिसऱ्या रांगेत होते, शेजारी नसीम. मला हार घातला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माइक धरला आणि म्हणालो की याच गावात एका माणसाने मला मालकासाठी विकलं होतं. मी शेवटचा, जिंकण्याचा बॉल मारला. त्या माणसाने आधी शेठकडे पाहिलं, थांबला, आणि मग निकाल दिला. ते थांबणं मी पुरावा म्हणून वापरलं. माझ्यासाठी घेतलेले ते दोन श्वास. "नाव घेत नाही," मी म्हणालो. नाव न घेण्यात जास्त मजा होती. गावात कोर्ट एक, मार्कर एक.

"मुनीर पंच!" मागून कुणीतरी ओरडलं. मैदानभर सगळी डोकी वळली.

चाचा उठले. शिवी देतील असं मला वाटलं, द्यावी असंही वाटलं. ते माझ्याकडे बघून, साध्या आवाजात, म्हणाले, "नॉट अप." पुढच्या रांगांत हशा पिकला, कारण त्याचा अर्थ तिथे कुणालाच माहीत नव्हता. नसीमचा हात धरून ते मांडवातून निघून गेले, आणि मी भाषण पुढे चालू केलं.

त्यानंतरच्या पोळ्याला मालेगावच्या सामन्यात हरलेल्या पोरांनी "शेठचा पंच! शेठचा पंच!" म्हणून गोंधळ घातला. चाचांनी शिट्टी टेबलावर ठेवली आणि एसटी पकडली. पुन्हा त्यांना कुणी बोलावलं नाही. गावात त्या गोष्टीला पुढे धर्माचाही रंग चढला. तो मी लावला नव्हता, पण पुसलाही नाही. चाचा मंगरूळपीरला नसीमच्या सासरी राहायला गेले. ही बातमी मला मुंबईत एका गाववाल्याने हसत हसत सांगितली आणि त्या दिवशी मी पोटभर जेवलो. हे खोडून टाकावं असं मला दोनदा वाटलं. खोडत नाही.

मी मंगरूळपीरला गेलो तो खेळ सुटल्यावर, गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर. बाबा गेले होते. जाण्याआधी त्यांनी मला एकदा विचारलं होतं, "मुनीर कसा हाय?" आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. ते विचारणं माझ्या मागे लागलं. कारंजा ते मंगरूळपीर एसटीत मी एक वाक्य घोकत होतो. दर्ग्याच्या अलीकडची गल्ली विचारत विचारत गेलो. दार नसीमने उघडलं. तिचे केस पांढरे झाले होते.

"दिगंबरभाऊ? आता आले?" ती म्हणाली. "बसा. अब्बाले कमी ऐकू येते, मोठ्यानं बोला. तुमाले तं माइकची सवय हायच."

चाचा खाटेवर बसले होते, वाळलेले, डोळ्यांवर जाड भिंगं. मला ओळखायला वेळ लागला. मग त्यांनी माझे गुडघे चाचपले, जसे म्हशीचे चाचपावेत, आणि म्हणाले, "कामातून गेले ना? किती सांगतलं तुले, टाच टेकून पयत नोको जाऊ." शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली होती. मला ते वाक्य ओरडून म्हणावं लागणार होतं. मी घसा साफ केला.

"चाचा, तो बॉल..."

"हाव रे," त्यांनी माझा हात दाबला. "मले ठाऊक हाय तू कायले आला. मी लय इचार केला, दिग्या. इतके साल तोच इचार. पत्र्याच्या फटीतून उनाची तिरीप येत व्हती. तू घसरला, धूळ उडाली. होऊ शकते, एकच टप्पा मले दोन दिसला असन. इतकी दुनिया म्हनते तं खोटी कशी असन? माह्या नजरेनं तुह्यं नुकसान झालं असन तं माफ कर, बेटा."

नसीम चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यावर थांबली. ती माझ्याकडे बघत होती. तिने तरुणपणी मांडवात ऐकलेलं, आणि त्याआधी घरात बापाकडून ऐकलेलं, दोन्ही तिच्या डोळ्यांत होतं. ती वाट बघत होती. मी एवढी वर्षं ज्याचा सूड घेत होतो त्याच्याजवळ एकच वस्तू उरली होती, स्वतःच्या नजरेवरचा भरवसा. तीही मी घेतली होती आणि वर ते माझीच माफी मागत होते.

मी मोठ्याने, त्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणालो, "जाऊ द्या, चाचा. झालं गेलं."

त्यांच्या चेहऱ्यावर केवढी सुटका दिसली. "पाह्य, नसीम," ते म्हणाले, "पोट्टं दिलाचं मोठं हाय माह्यं." नसीमने कपबशी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली, हातात दिली नाही. मी चहा प्यायलो. सगळा प्यायलो. खारीही खाल्ली.

चाचा त्याच हिवाळ्यात गेले. मातीला मी गेलो नाही. मुंबईत माझ्याच नावाच्या एका स्पर्धेचं बक्षीस वाटत होतो. एसटीत घोकलेलं ते वाक्य अजून तोंडपाठ आहे, आणि ते ज्याला सांगायचं होतं त्याच्या बोलीतच आहे. दारातल्या दोन माणसांसमोर, नसीमसमोर, ओरडून म्हणायचं होतं ते एवढंच:

चाचा, बॉलनं दोन टप्पे खाल्ले व्हते. तुमी बरोबर पाह्यलं व्हतं. मले तवाच समजलं व्हतं. मले माफ करा.